लाल दोऱ्याचा स्फटिक

आरहूस, डेन्मार्क
१२ नोव्हेंबर २००६

किशनमामा,
सप्रेम जयभीम.

परदेशी तिकीट बघून मामींनी पाकीट चारदा उलटंसुलटं केलं असेल. घाबरू नका म्हणावं, मीच आहे. प्रज्ञेश वाढवे, नववी ब, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एका वर्षात सहा परीक्षानळ्या फोडणारा. पुण्याची पीएच.डी. आटोपून दोन महिन्यांपूर्वी इथल्या प्रयोगशाळेत आलो. थंडी अशी आहे की कान जागेवर आहेत का ते हात लावून बघावं लागतं.

निघताना वसमतच्या स्टँडवर तुम्ही विचारलं होतं, "तिथं जाऊन करनार काय तू नेमकं?" तेवढ्यात बस हलली आणि उत्तर राहिलं. आता सांगतो.

तीन वर्षांपूर्वी सार्स नावाची साथ आली होती, पेपरात वाचलं असेल. तिचा विषाणू म्हणजे जवळजवळ एक चिठ्ठीच. आरएनए म्हणतात तिला. स्वतःच्या नकला कशा काढायच्या ते तिच्यात लिहिलेलं असतं. आपल्या शरीरातली पेशी बाहेरची चिठ्ठी ओळखते आणि फाडून टाकते, कारण घरच्या चिठ्ठीच्या डोक्यावर एक बारीक खूण असते. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढीच. शाळेच्या दाखल्यावर गोल शिक्का असतो तशी. तर हा विषाणू महालबाड. शिक्का मारणारा तो सोबतच घेऊन येतो. ते एक विकर असतं, एन्झाइम. माल बाहेरचा, शिक्का घरचा, आणि बिचारी पेशी फसते, असा आमचा अंदाज आहे. या शिक्केवाल्याचा आकार कळला तर त्याचे हात बांधणारं औषध पुढे कोणीतरी करू शकेल.

आकार बघायचा तर त्याचे स्फटिक करावे लागतात. त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे, जे ठिपके उमटतात त्यांवरून हिशेब करून आकार मांडायचा. म्हणजे मामा, मी फिरून स्फटिकच करतोय! मोरचुदाच्या जागी विषाणूचं प्रथिन आणि बरणीच्या जागी मोहरीएवढा थेंब. मला अजून दोन वर्षांची मुदत आहे. तेवढ्यात स्फटिक आला नाही तर हात हलवत परत.

आईच्या वाकळीचा लाल दोरा बांधून मी बरणीत सोडलेला तो खडा आठवतो ना? परभणीच्या विज्ञान प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं नसतं तर मी दहावीनंतर कुठे असतो कोण जाणे. इथे सगळ्यांना मी तुमच्याबद्दल सांगितलंय. तुमचे उपकार मी विसरलेलो नाही.

तुमचा,
प्रज्ञेश

*

कुरुंदा
२० डिसेंबर २००६

चि. प्रज्ञेशला किशनमामाचा जयभीम.

पत्र पावलं. मालननं पाकीट चारदा न्हाई, दहादा फिरवलं. मंग देव्हाऱ्यावानी बुद्धाच्या फोटोपशी नेऊन ठेवलं. म्या म्हणलं, अगं उघड तरी आधी, का वासच घेणार हायेस? तुही माय बाजारात भेटली होती. भिकाबाई वाळून गेली बघ पोरा, पण तुहं नाव काढलं की तोंड फुलून येतं. फोन करत जाय तिला.

कान झाक. टोपी घेतली का? म्या इथं हळदीच्या शिजवणीच्या धगीला बसून लिहून राहिलो अन तू तिकडं गारठून राहिला, हे काही बराबर न्हाई.

ते विषाणूचं समजलं. दोनदा वाचून समजलं. माल एकाचा अन शिक्का दुसऱ्याचा. तू काहून हे असं लिहिलं ते बी समजलं. म्या काही दूधखुळा न्हाई.

परभणीच्या बक्षिसाचं तिकडं कोणापाशी काढत जाऊ नको. माह्यं नाव तर न्हाईच न्हाई. त्या बक्षिसाबद्दल तुला एक गोष्ट सांगायची हाय. बारा वर्स झाले, जिभेवर येते अन माघारी जाते. कागदावर लिववत न्हाई. तू आलास म्हंजी समोर बसवून सांगीन. मंग तू मला मामा म्हण, न्हाई तर म्हणू नको.

तुह्या मुदतीत तुहा स्फटिक येवो. घाई करू नको, बरणी हलवू नको.

किशनराव खिल्लारे

*

आरहूस
३ मार्च २००७

मामा,
जयभीम, आणि आधी तोंड गोड करा!

आला! काल सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर थेंबाच्या कडेला एक लखलखीत सुई. पाच महिन्यांत साडेचार हजार थेंब लावले होते. सगळ्यांत नुसता गाळ, नासलेल्या दुधासारखा. आणि आता ही सरळ धारेची सुई! मी प्रयोगशाळेत मराठीत ओरडलो. शेजारची पोरगी दचकून काय झालं विचारायला लागली.

जूनमध्ये इथे मोठी परिषद आहे. आमच्या बाई, म्हणजे माझ्या प्रमुख, म्हणतात की तिथे हे तूच मांड. अशी संधी नव्या माणसाला मिळत नाही.

तुमच्या पत्रातलं मला नीट उमगलं नाही. शिक्क्याचं मी विषाणूबद्दलच लिहिलं होतं हो. आणि काय सांगायचंय ते खुशाल सांगा, मी काही तुम्हाला खाणार नाही. पण आज मला दुसरं काही सुचत नाही. मामींना सांगा, तुमच्या हातचा शिरा उधार राहिला.

तुमचा,
प्रज्ञेश

*

कुरुंदा
२ एप्रिल २००७

चि. प्रज्ञेश,

शाब्बास रे वाघा!

पत्र आलं तव्हा म्या शाळेत बीकर धुवून राहिलो होतो. हात वल्ले, तसंच फोडलं. विजयकुमार सर आता हेडमास्तर झाले, त्यांच्या हापिसात नेऊन ठेवलं. त्यांनी प्रार्थनेच्या वक्ताला सगळ्या लेकरांसमोर वाचून दाखवलं. मंग म्या काय केलं, जवळा बाजारहून दोन किलो पेढे आणले अन पाचवीपासून दहावीपस्तोर वाटले. फळ्यावर रंगीत खडूनं लिव्हलं: "आपल्या शाळेचा प्रज्ञेश वाढवे याने विषाणूचा स्फटिक केला." अजून पुसू दिलं न्हाई कोणाला. मालन म्हणते, पोराचं लगीन असल्यावानी मिरवून राहिले तुमी. म्हणलं, व्हय, तसंच समज.

मला लई बरं वाटलं बघ. हा स्फटिक तुहा. तुह्या हातचा. यात कोणाचं काही न्हाई.

किशनमामा

*

आरहूस
९ मे २००७

मामा,

हे पत्र लिहायला चार दिवस घेतले. फळा पुसून टाका.

ते मीठ होतं.

प्रथिनाच्या पाण्यात मिठं असतात. थेंब आटला की कधीकधी त्यांचाच स्फटिक धरतो. दिसायला सुंदर, एकदम सरळ. ओळखायची रीत सोपी आहे. सुईनं दाबायचं. प्रथिनाचा स्फटिक मऊ असतो, गप भुगा होतो. मिठाचा कटकन वाजतो. मामा, मला ही रीत पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. पण दोन महिने मी सुई हातात घेतली नाही. एकच स्फटिक आहे, तो मोडायचा कशाला, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे भीती वाटत होती.

परिषदेचा गोषवारा पाठवायच्या आदल्या दिवशी घेतली सुई. कटकन वाजला. तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. गोषवारा पाठवून दिला असता तर जूनपर्यंत तरी कोणाला कळलं नसतं. तसाच उठलो आणि बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. सांगितलं, मीठ आहे, माझं चुकलं, माझं नाव काढून टाका. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे तू स्वतः येऊन सांगितलंस ते बरं केलंस."

पेढ्यांचं वाचून मी रडलो. शाळेत तुमची मान खाली जाणार, याचंच जास्त लागलं. मला माफ करा. मुदतीचं दीड वर्ष उरलंय. पुन्हा पहिल्या थेंबापासून.

प्रज्ञेश

*

आरहूस
१८ जानेवारी २००९

किशनमामा,
जयभीम.

माझ्या मिठाच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. त्यानंतर तीन पत्रं टाकली, त्यांनाही नाही. आईला फोनवर विचारलं तर म्हणाली, "किशनभाऊ रिटायर झाले, तब्येत बरी हाय, पर तुहं नाव काढलं की उठून जातेत." मी समजून चुकलो. दोन किलो पेढे वाटलेल्या माणसाला मी गावात हसू आणलं. रागावणं तुमचा हक्क आहे.

तरीही लिहितोय, कारण हे तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला? मुदत नोव्हेंबरात संपली होती. बाईंनी चार महिने वाढवून दिले, शेवटचे. तेवढ्यात दुसऱ्या एका गटाच्या कामावरून कळलं की आमचा शिक्केवाला एकट्यानं कामच करत नाही. विषाणूचंच एक छोटं प्रथिन त्याला धरून ठेवतं, तेव्हा कुठे तो ताठ उभा राहतो आणि शिक्का मारतो. एकटा असला की गुठळी होऊन पडतो. म्हणूनच दोन वर्षं माझ्या थेंबांत गाळ! मग दोघांना एकत्र ठेवलं. बारीक कण आले, रांगोळीसारखे. ते चुरडले, घोड्याच्या शेपटीचा एक केस त्यात बुडवून नव्या थेंबातून ओढला, म्हणजे प्रत्येक थेंबात बी पेरलं. सहाव्या दिवशी स्फटिक.

या वेळी पेढे वाटायच्या आधी दाबून बघितला. गप भुगा झाला. मग बाकीचे घेऊन हॅम्बुर्गच्या मोठ्या क्ष-किरण यंत्रावर गेलो. ठिपके आले मामा, शेकडो, प्रथिनाचे. आकार मांडायला अजून वेळ लागेल, पण स्फटिकांबद्दल एक छोटा लेख आम्ही पाठवतोय.

लेखाच्या शेवटी आभार असतात. बाईंनी विचारलं, कोणाचे मानायचे? मी तुमचं नाव सांगितलं. तुमचं पूर्ण नाव आणि हुद्दा कसा लिहायचा तेवढं कळवा. रागावलेले असाल तरी एवढं कळवा.

तुमचा,
प्रज्ञेश

*

कुरुंदा
१० फेब्रुवारी २००९

चि. प्रज्ञेश,

माह्यं नाव घालू नको.

म्या रागावलो न्हाई रे येड्या. पेढ्याचं काय घेऊन बसला, लेकरांनी खाल्ले, गोड लागले, संपलं. फळा म्या माह्या हातानं पुसला अन सरांना सांगितलं, ते मीठ निघालं, पण पोरानं स्वतः जाऊन सांगितलं. त्यायनी ते बी प्रार्थनेला वाचून दाखवलं.

तुह्या त्याच पत्रानं माह्यं तोंड बंद केलं. परक्या मुलखात, नोकरीवर पाणी सोडायची येळ, तरी तू दारात जाऊन उभा राहिला. अन म्या? पंधरा वर्स झाले, तुह्यासमोर उभा राहू शकलो न्हाई. तू पत्र टाकत होता अन म्या कोऱ्या कागदासमोर बसून उठत होतो. समोर बसवून सांगीन म्हणलं होतं, पण आता नाव छापून येतंय म्हंजी थांबता येत न्हाई. ऐक.

चौऱ्याण्णव साली परभणीला जायच्या आदल्या दिवशी तुही बरणी भुश्शाच्या पेटीत भरायला म्या उचलली. हात वल्ला होता. सटकली. बरणी मोरीच्या कडेवर आपटली अन तुह्या खड्याचे दोन तुकडे. चार महिने तू रोज मधल्या सुट्टीत भाकर खायची सोडून त्याला बघायला येत होता.

आता पुढचं. कपाटामागं लोणच्याच्या बरणीत माहा एक खडा होता. पोरांचे प्रयोग झाले की बीकरमधी जे निळं पाणी उरतं ते फेकून द्यायचं असतं. म्या ते फेकत नव्हतो. तीन वर्स त्यात तो खडा वाढवला, आवळ्यायेवढा झाला होता. कोणाला दाखवला न्हाई. शिपायानं खडा वाढवला म्हणलं तर लोक आधी विचारतील, मोरचूद कुठून आनलं? तो म्या तुह्या नावाच्या चिठ्ठीखाली ठेवला. त्यालाच बक्षीस भेटलं. तुला सगळ्यांनी उचलून घेतलं अन म्या मागं टाळ्या वाजवत होतो.

तव्हा माल माहा अन शिक्का तुहा. तू पहिल्या पत्रात विषाणूचं लिव्हलं तव्हा वाटलं, पोराला कळलं वाटतं, आडून बोलून राहिला. लबाडी ती लबाडीच. तू माह्ये उपकार मानतो अन म्या तुहं पत्र झाकून ठेवतो. म्या तुहा खडा फोडला, तुला खोटं बक्षीस दिलं, अन तू आता जगासमोर माह्ये आभार छापणार? नको. माह्यं नाव काढ. मामा म्हणायचं का न्हाई ते तू ठरव.

किशनराव

*

आरहूस
१ मार्च २००९

किशनमामा,

मामाच. दुसरं काही म्हणणार नाही.

आता माझं ऐका. मला माहीत होतं.

परभणीला पेटी उघडली तेव्हा पहिल्या नजरेतच कळलं. माझा खडा आईच्या लाल दोऱ्याला बांधलेला होता. बरणीत जो लटकत होता तो तंगुसाला. मासे धरायच्या त्या बारीक तंगुसाला! तुम्ही दोरा बदलायला विसरलात हो. मी मान वर केली तर तुम्ही मांडवाच्या खांबाआड उभे होतात, रडवेले. मी गप्प बसलो. पंधरा वर्षांचा होतो, बक्षीस हवं होतं. आईनं त्या दिवसासाठी उसन्या कापडाचा शर्ट शिवून घेतला होता. बोललो असतो तर तुमची नोकरीही गेली असती, असं नंतर मनाला समजावलं, पण ते नंतर. त्या क्षणी फक्त बक्षीस हवं होतं. म्हणजे लबाडी एकट्या तुमची नव्हती. माझ्याच खड्याला बक्षीस मिळालं असं पत्रात लिहिलं, 'उमगलं नाही' म्हणालो, तेही सोंगच.

आणि मला काय वाटत आलं ते सांगू? मला वाटलं, माझा खडा वाईट होता. मामांना तो बघून माझी कीव आली, म्हणून त्यांनी स्वतःचा ठेवला. पंधरा वर्षं हेच धरून बसलो होतो. प्रत्येक परीक्षेत, प्रत्येक मुलाखतीत वाटायचं, हे आपलं नाही, कोणीतरी दयेनं दिलंय, आता त्याच्या लायकीचं व्हायचं. त्या मिठाच्या दिवशी सुई हातात घेतली ना, तेव्हा डोळ्यांसमोर तंगूसच होता. म्हटलं, एकदा गप्प बसलो, आता नाही.

तुमचा कागद मी तीनदा वाचला. तो वाईट नव्हता! हात वल्ला होता, बरणी सटकली! मामा, हे आधी का नाही सांगितलंत? आणि मी तरी आधी का नाही विचारलं?

नाव छापायला दिलं आहे. "माह्ये उपकार मानतो" म्हणता, तर हो, मानतो. तीन वर्षं उरल्यासुरल्या पाण्यात वाढवलेली वस्तू तुम्ही एका पोराच्या नावावर करून टाकलीत. तुमचा हात ओला होता तो आमचेच बीकर धुऊन. माझ्या आयुष्यात मला इतकं मोठं कोणी काही दिलेलं नाही. परभणीचं प्रमाणपत्र आई तुमच्याकडे घेऊन येईल. त्यावर नाव माझं असलं तरी ते तुमच्या भिंतीवर हवं.

आणि मला सहा महिन्यांनी पुण्यात नोकरी मिळतेय. येतो आहे.

तुमचा,
प्रज्ञेश

*

कुरुंदा
५ डिसेंबर २००९

चि. प्रज्ञेशला अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला येऊन दोन महिने झाले अन अजून गावाकडं फिरकला न्हाई, तव्हा पत्रच लिहितो. तुहा छापील लेख भेटला. इंग्रजी वाचता येत न्हाई, पण माह्यं नाव वळखलं, शेवटून तिसरी ओळ. विजयकुमार सरांनी अर्थ सांगितला: "कुरुंदा येथील प्रयोगशाळा परिचर श्री. किशनराव खिल्लारे यांचे आभार, ज्यांनी स्फटिक वाढवणे आम्हाला शिकवले." म्या म्हणलं, आम्हाला म्हंजी? ते गोरे लोक बी? सर म्हणले, व्हय, सगळेच. मालन पदरानं डोळे पुसत होती अन मला म्हणे, धूर झाला. चूल तर इझलेली होती.

भिकाबाई प्रमाणपत्र घेऊन आली. म्या घेत नव्हतो. तिनं स्वतः खिळा ठोकला.

आता एक. तुहे ते दोन तुकडे म्या फेकले नव्हते. तपकिरीच्या डबीत ठेवलेत, लाल दोऱ्यासकट. तुहं पत्र आल्यावर पहिल्यांदा उजेडात काढून बघितले. बोरायेवढाच होता तुहा, पण आतून आरपार साफ. धारा चाकूवानी. माहा आवळ्यायेवढा होता खरा, पण आत भेग होती, पांढरी. परभणीच्या साहेबांना ती दिसली न्हाई. मला तव्हाच दिसली होती. तुहा चांगला होता रे पोरा. माह्यापेक्षा चांगला. हे तुला पंधरा वर्सांआधी सांगायला पाहिजे होतं.

त्यातला बारका तुकडा म्या बियाणं म्हणून वापरला. शाळेत मागून उरलेलं निळं पाणी आणलं, यंदा इचारून आणलं. तुह्या मायचा नवा लाल दोरा बांधला. लोणच्याचीच बरणी. आता लिंबायेवढा झालाय, भेग न्हाई. शाळेचं प्रदर्शन जानेवारीत हाय, गावकऱ्यांचं बी एक टेबल ठेवणार हायेत, तिथं मांडणार. बरणीवरची चिठ्ठी सरांनी लिव्हली, अन सवयीनं तुहं नाव घातलं. म्या ते खोडलं अन खाली माह्यं लिव्हलं.

राग येऊ देऊ नको. बघायला ये. मालननं रवा आणून ठेवलाय.

तुहा,
किशनमामा